गाडी गरम होतेय: रेडिएटर खरंच गेलाय का ते ओळखा आणि मगच, नीट क्रमाने बदला

पाडवा झाला की मृग निघेपर्यंत एकच प्रश्न कानावर येत राहतो. "काटा वर जातोय, रेडिएटर टाकू का?" विचारणाऱ्याने बहुतेक वेळा नवा रेडिएटर आणलेलाच असतो. तो बसतो, गाडी चार दिवस बरी चालते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. माझ्या मेहुण्यांच्या गाडीला एका उन्हाळ्यात दोन रेडिएटर बसले आणि शेवटी दोष निघाला फॅनच्या रिलेत, म्हणजे फॅनला वीज देणाऱ्या छोट्या स्विचमध्ये. पहिला रेडिएटर चांगला होता, तो भंगारात गेला. त्याची हळहळ अजून वाटते, म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

चुका दोन ठिकाणी होतात. दोष न शोधता रेडिएटर बदलला जातो, आणि बदलल्यावर त्यात बोअरचं पाणी भरून आतली हवा न काढताच गाडी रस्त्यावर येते. मधलं खोलणं-बसवणं सोपं आहे, चार पान्यांचं काम.

हा लेख इंजिन पुढे असलेल्या, इलेक्ट्रिक फॅनच्या आणि मॅन्युअल गिअरच्या साध्या पेट्रोल-डिझेल गाडीसाठी आहे. काही ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणाऱ्या नळ्या रेडिएटरमधूनच जातात. खालच्या बाजूला धातूच्या दोन जादा नळ्या दिसल्या तर ते काम घरी करू नका.

आधी एक: रस्त्यातच काटा चढला तर

मांजरसुंब्याच्या घाटात उसाच्या ट्रॉलीमागे अडकलात, एसी चालू आहे आणि काटा लालकडे निघाला. एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा मोठा करा. आत भट्टी होईल, पण इंजिनची उष्णता तेवढीच बाहेर पडते. जागा मिळताच बाजूला घ्या. काटा लालमध्ये पोचला असेल किंवा वाफ दिसत असेल तर लगेच इंजिन बंद करा.

इशारा: गरम गाडीचं झाकण उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेलं असतं. झाकण सैल होताच ते उकळून चेहऱ्यावर उसळतं. तापलेल्या इंजिनवर थंड पाण्याची बाटलीही ओतू नका. त्याने इंजिनचं हेड (वरचा भाग) वाकतं किंवा तडकतं, आणि हजारांचं काम पुढच्या आकड्यात जातं.

## टप्पा १: गार इंजिनवर, पाना न लावता

सकाळी, गाडी सुरू करण्याआधी बघा. बोनेट उघडा, रेडिएटरचा वरचा पाइप दाबून पाहा. तो मऊ लागला पाहिजे. रात्रभर उभ्या गाडीचा पाइप दगडासारखा कडक असेल तर थेट टप्पा ४ वर जा.

आता झाकण काढा. काही गाड्यांत झाकण रेडिएटरवर असतं आणि शेजारची बाटली नुसती साठ्याची असते. काहींत रेडिएटरला झाकणच नसतं, बाटलीच दाबाखाली असते. आपली कोणती ते आताच पाहून ठेवा, पाणी भरताना लागेल. पहिल्या प्रकारात रेडिएटर काठोकाठ भरलेला हवा. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा असेल तर झाकण खराब आहे किंवा बाटलीची बारीक नळी फाटली आहे.

बोट आत घालून कडेला फिरवा:

- तांबडा गंज लागला तर इंजिनच्या आतलं लोखंड झिजतंय, म्हणजे बऱ्याच दिवसांपासून नुसतं पाणी चालू आहे.
- पांढरा खरखरीत थर म्हणजे क्षार. बादलीत टाकायच्या हीटरच्या कॉइलवर बोअरच्या पाण्याने जो थर चढतो, तोच.
- तपकिरी, सायीसारखा चिकट गाळ म्हणजे ऑइल मिसळतंय. पुढचं सगळं थांबवा, टप्पा ४ पाहा.

झाकणाचं रबरही तपासा. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाब. साधारण ०.९ बार दाब धरणाऱ्या झाकणामुळे साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. रबर चिरलं की दाब टिकत नाही आणि शंभरीलाच उकळी फुटते. रेडिएटरच्या मानाने झाकण अगदी स्वस्त आहे. शंका असेल तर आधी तेच बदला, पण त्याच आकड्याचं.

## टप्पा २: गाडी नेमकी कधी गरम होते?

दोन-तीन दिवस फक्त निरीक्षण करा आणि कागदावर लिहा. रोगाचं अर्धं निदान इथेच होतं.

उभ्या गाडीत, गावातल्या गर्दीत गरम. हायवेला लागलं की काटा खाली. दोष हवेचा. फॅन फिरत नाही, उशिरा फिरतो किंवा जाळी बुजली आहे. रेडिएटर आतून बहुधा ठीक असतो.

गावात ठीक, पण ८०-९० च्या वेगात, चढावर, भरलेल्या गाडीत गरम. पाणी पुरेसं फिरत नाही किंवा पुरेसं थंड होत नाही. आतून बुजलेला रेडिएटर असाच वागतो. पाणी कमी ढकलणारा वॉटर पंपही असाच वागतो, हे लक्षात असू द्या.

सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच काटा चढतो. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व) बंद अवस्थेत अडकलाय, आत हवा आहे किंवा पाणीच नाही. वरचा पाइप चटका देतोय आणि खालचा गारच असेल तर थर्मोस्टॅटवर पहिला संशय घ्या.

गरम होत नाही, पण पाणी दर आठवड्याला कमी होतं. गळती. ती कुठे आहे ते शोधायचं, बाटली भरत बसायचं नाही.

## टप्पा ३: फॅन आणि जाळी

गाडी सुरू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसी लागताच किंवा थोड्या वेळात फॅन फिरतो. नाही फिरला तर फ्यूज, रिले, फॅनचं कनेक्टर या क्रमाने तपासा. मोटरला बॅटरीवरून थेट वायर देऊन पाहिली की मोटर जिवंत आहे का ते कळतं. आता एसी बंद करून इंजिन उभ्याने तापू द्या. साधारण ९५ ते १०० अंशांवर फॅन आपोआप लागायला हवा. एसीवर फिरतो पण तापल्यावर फिरत नाही, अशा वेळी सेन्सर किंवा त्याची वायर बघायची.

तपासून पाहा: फॅन फिरत असताना पुढच्या ग्रिलसमोर वहीचा कागद धरा. फॅन रेडिएटरच्या मागे असेल तर कागद ग्रिलकडे ओढला गेला पाहिजे. बाहेर ढकलला जात असेल तर बाजारातली मोटर बसवताना वायरी उलट जोडल्या आहेत. असा फॅन दिसायला जोरात फिरतो आणि गाडी तरीही गरम होते.

जाळीकडे आपल्याकडे खास लक्ष द्यावं लागतं. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत रस्त्यावर भुसा उडतो, जिनिंगच्या रस्त्याला कापसाचे तंतू असतात, आणि काळ्या मातीची धूळ या सगळ्याला लिंपून बसते. पुढून एसीचा कंडेन्सर (रेडिएटरसमोरची एसीची जाळी) स्वच्छ दिसतो. खरा थर कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत असतो. तिथे टॉर्च मारा. नळाच्या साध्या धारेने, इंजिनच्या बाजूकडून ग्रिलकडे पाणी मारा. घाण ज्या वाटेने आली त्याच वाटेने बाहेर जाते. वॉशिंग सेंटरचा प्रेशर जवळून मारला तर पत्र्याच्या बारीक पात्या झोपतात आणि हवेची वाट कायमची बंद होते.

## टप्पा ४: हेड गॅस्केट आधी वगळा

ही पायरी जवळपास सगळेच गाळतात. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्या मधलं पॅकिंग, फुटलं असेल तर सिलेंडरमधला वायू पाण्यात शिरतो. मग नवा रेडिएटर कितीही चांगला असला तरी पाणी बाहेर फेकलं जाणारच.

गार इंजिन, झाकण उघडं, गाडी सुरू करा आणि आत बघा. सुरुवातीला थोडे बुडबुडे येऊन थांबले तर ती अडकलेली हवा. बुडबुडे सतत येत राहिले, रेझ केल्यावर वाढले, तर गॅस्केटचा संशय पक्का. इंजिन तापायला लागलं की झाकण उघडं ठेवून वाकून बघू नका. बाकीच्या खुणा: ऑइलच्या झाकणाखाली साय, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर न थांबता, सुरू केल्यावर दोन मिनिटांत वरचा पाइप कडक. यातलं काही दिसलं तर द्रावणाची चाचणी करून घ्या. झाकणाच्या जागी एक नळी लावतात, तिच्यातलं निळं द्रावण ज्वलनाचा वायू लागला की पिवळं पडतं.

## टप्पा ५: आता रेडिएटर

गळती आणि बुजणं, हे दोनच रोग. गळती शोधायला हातपंपाचा प्रेशर टेस्टर सर्वांत भरवशाचा. झाकणावरच्या आकड्याइतकाच दाब द्यायचा, जास्त नाही, आणि दहा-पंधरा मिनिटं काटा पाहायचा. काटा उतरतोय आणि बाहेर कुठेच ओल नाही, तर पायाखालचं मॅट उचलून बघा. हीटरची छोटी जाळी आत गळते आणि लोक बाहेर शोधत बसतात.

हल्लीच्या रेडिएटरची मधली जाळी ॲल्युमिनियमची आणि दोन्ही टोकांच्या टाक्या प्लॅस्टिकच्या असतात. पत्र्याचे दात वळवून, मध्ये रबर ठेवून त्या जोडलेल्या असतात. गळती बहुतेक तिथूनच सुरू होते. कूलंट (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं रंगीत द्रव) सुकून पांढरा, हिरवा किंवा गुलाबी डाग दिसतो. पाइपच्या तोंडाजवळ तपकिरी पडलेलं, केसासारखी चीर गेलेलं प्लॅस्टिक म्हणजेही वेळ भरत आली.

बुजणं ओळखायला इन्फ्रारेड थर्मामीटर लागतो. गाडी पूर्ण तापू द्या, फॅन एकदा फिरून जाऊ द्या, मग इंजिन आणि किल्ली बंद करून लगेच जाळीवर वरून खाली, डावीकडून उजवीकडे मोजत चला. तापमान हळूहळू उतरत जायला हवं. मध्येच एखादा पट्टा एकदम गार लागला तर तिथल्या नळ्या बंद. मोजताना हात फॅनपासून लांब ठेवा. काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही फॅन अचानक लागतो.

चिमूटभर हळद टाकून गळती थांबते, हे सगळ्यांनी ऐकलंय. थांबते, घरी पोचण्यापुरती. पण ती हळद हीटरच्या बारीक नळ्यांतही जाऊन बसते. रस्त्यात नाइलाजाने टाकलीत तर घरी आल्यावर धुऊन काढा. प्लॅस्टिकच्या टाकीला एम-सील लावून लग्नाला कोणी लांबच्या गावी निघत असेल, तर त्याला हात जोडून थांबवा.

## टप्पा ६: सामान आणि तयारी

रेडिएटर घेताना गाडीचं मॉडेल, साल, इंजिन आणि एसी आहे-नाही हे सांगा, आणि शक्य तर चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढून घ्या. सोबत नवं झाकण, थर्मोस्टॅट आणि त्याचं रबर, वरचा-खालचा पाइप, क्लिप. पाइप दाबल्यावर कुरकुरत असेल किंवा टोकाला फुगला असेल तर तो ठेवू नका.

कूलंट गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या प्रकारचंच. रंगावर जाऊ नका. प्रत्येक कंपनीचा रंग वेगळा असू शकतो आणि दोन प्रकार मिसळले की आत गाळ धरू शकतो. डब्यावर 'तयार मिश्रण' आहे की पाणी न मिसळलेलं 'कॉन्सन्ट्रेट', ते वाचा.

पाण्याबद्दल मी हट्टी आहे. लातूर-बीडकडच्या बोअरचं पाणी कूलंटमध्ये घालू नका. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार तापल्यावर नळ्यांत बसतात, आणि क्लोराइड ॲल्युमिनियम खातं. जारचं पाणी बोअरपेक्षा बरं, पण प्रत्येक प्लांटचं वेगळं. बॅटरीवाल्याकडे डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन मिळतो, तो आणा. मागताना 'बॅटरीचं पाणी' म्हटलं तर लेबल वाचून घ्या, ॲसिडचा कॅन हातात यायला नको. आपल्याकडे पाणी गोठत नाही म्हणून कूलंट लागत नाही, हा समज चुकीचा. कूलंट गंज रोखतं आणि उकळबिंदू वर नेतं. परभणी-नांदेडच्या बेचाळीस अंशांत त्याची गरज काश्मीरपेक्षा कमी नाही.

हत्यारं: १० आणि १२ चा गोटी पाना, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, घमेलं, नरसाळं, रिकामे कॅन, पुठ्ठा. मोबाइलवर प्रत्येक जोडाचा फोटो काढत चला.

## टप्पा ७: पाणी काढणं आणि धुणं

१. गाडी सपाट जागी, हँडब्रेक, चाकाला दगड. इंजिन किमान तीन तास गार.

२. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. फॅन मध्येच फिरला तर बोटं जातात.

३. झाकण काढा, खाली घमेलं ठेवा, तळाचा कॉक हाताने सैल करा. तो प्लॅस्टिकचा असतो. अडला तर पक्कड लावून तोडू नका, खालचा पाइपच सोडा.

४. निघालेलं कूलंट मोजा. नंतर किती आत गेलं ते याच आकड्यावरून पडताळायचं आहे.

इशारा: कूलंट चवीला गोड आणि जहाल विषारी असतं. घमेलं उघडं ठेवून चहाला जाऊ नका. कुत्रं, वासरू, लहान मूल कोणीही तोंड लावू शकतं. ते गटारात किंवा बांधावर ओतायचं नाही. कॅनमध्ये बंद करा, वर 'विष' लिहा आणि टाकाऊ कूलंट स्वीकारणाऱ्या सर्व्हिस सेंटरला विचारून तिथे द्या.

थर्मोस्टॅट काढा. तो जागेवर असेपर्यंत गार इंजिनमधून पाणी नीट फिरत नाही. मग इंजिनमधून साधं पाणी उलट-सुलट सोडा, स्वच्छ येईपर्यंत. शेवटचं खळखळून धुणं मात्र डिस्टिल्डने. जुना गंज इंजिनमध्येच राहिला तर तो पहिल्या महिन्यातच नव्या रेडिएटरमध्ये जाऊन बसतो.

## टप्पा ८: जुना काढणं

वरची पट्टी किंवा ग्रिल आड येत असेल तर काढा. फॅनचं कनेक्टर सोडा, फॅन त्याच्या प्लॅस्टिकच्या चौकटीसकट उचला. पाइप आधी पिळून सैल करायचा, मग ओढायचा. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलात तर तोंडच तुटतं. नवा पाइप आणला असेल तर जुना सरळ ब्लेडने उभा कापा.

एसीचा कंडेन्सर रेडिएटरला अडकवलेला असेल तर स्क्रू काढून पुढे झुकवा आणि दोरीने बांधा. एसीच्या नळ्यांना पाना लावायचा नाही. गॅस दाबाखाली असतो, अंगावर आला तर कातडी जाते.

रेडिएटर सरळ वर उचला. खाली दोन रबरी बूश असतात, ते बऱ्याचदा रेडिएटरला चिकटून वर येतात आणि भंगारात जातात. आधी ते काढून खिशात ठेवा.

## टप्पा ९: नवा बसवणं

जुना-नवा शेजारी ठेवून पाइपची तोंडं, खुंट्या, फॅनची भोकं, जाडी ताडून पाहा. फरक असेल तर दुकानात परत जा, ठोकून बसवू नका. कडेच्या स्पंजच्या पट्ट्या नव्यावर लावा. त्या नसल्या तर हवा जाळीतून न जाता बाजूने निघून जाते.

कंडेन्सरची मागची बाजू आता मोकळी आहे, ती धुऊन घ्या. जाळीसमोर पुठ्ठा धरूनच रेडिएटर खाली सोडा. फॅनला जुनेच स्क्रू, जुन्याच जागी. एक लांब स्क्रू जाळीत घुसून नवा रेडिएटर पाच मिनिटांत गेलेला मी पाहिलाय. क्लिप पाइपच्या तोंडाच्या उंचवट्यामागे बसली पाहिजे, आणि प्लॅस्टिकवर ती आवळायची पण पिळायची नाही.

थर्मोस्टॅट परत बसवा. "उन्हाळ्यात व्हॉल्व काढून टाका, गाडी थंड राहते" हा सल्ला ऐकू नका. तो नसला की इंजिन हवं तेवढं तापत नाही आणि पेट्रोल जास्त पितं. काही इंजिनांत तर पाणी रेडिएटर चुकवून आतल्या आतच फिरतं. नव्याचीही परीक्षा घ्या. भांड्यात पाणी उकळत आणा, त्यावर छापलेल्या ८२ किंवा ८८ अंशांच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे. जुना तपासत असाल तर स्वयंपाकाचं भांडं वापरू नका. बसवताना त्याची छोटी हलणारी पिन वरच्या बाजूला.

## टप्पा १०: भरणं आणि हवा काढणं

घाई सगळ्यात जास्त इथेच होते. धुतल्यावर इंजिनमध्ये बरंच पाणी उरलेलं असतं. वर तयार मिश्रण ओतलं तर ते पातळ होतं. म्हणून कॉन्सन्ट्रेट घ्या. पुस्तकात एकूण क्षमता ५ लिटर असेल आणि अर्धं-अर्धं मिश्रण हवं असेल, तर आधी अडीच लिटर कॉन्सन्ट्रेट, मग उरलेलं डिस्टिल्ड. जास्त कॉन्सन्ट्रेटने गाडी जास्त थंड राहते असं नाही, उलट उष्णता वाहून नेण्याची ताकद घटते.

१. बॅटरी जोडा. हीटर पूर्ण गरमवर ठेवा.

२. वरच्या पाइपवर किंवा थर्मोस्टॅटजवळ हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करा. बारीक धारेने भरत राहा, स्क्रूतून सलग कूलंट आलं की बंद करा. स्क्रू नसेल तर गाडीचं तोंड थोड्या चढावर ठेवा.

३. वरचा पाइप हाताने दाबत राहा, बुडबुडे येतील.

४. झाकण उघडं ठेवून सुरू करा. पातळी खाली जाईल तसं भरा. पाइप कोमट लागताच झाकण लावा.

५. फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत चालू ठेवा. हीटरमधून गरम हवा यायला हवी. काटा वर आणि हीटर गार, म्हणजे आत हवा अडकलीय. बंद करा, पूर्ण गार होऊ द्या, पुन्हा पहिल्यापासून.

तपासून पाहा: टप्पा ७ मध्ये मोजलेल्या, बाहेर निघालेल्या कूलंटपेक्षा लिटरभर कमीच आत गेलं असेल, तर उरलेल्या जागेत हवा आहे.

## टप्पा ११: पहिली फेरी

लगेच कन्नडच्या घाटाला निघू नका. गावाजवळच दहा-पंधरा किलोमीटर, एसी लावून, काट्यावर नजर ठेवून. परत आल्यावर खाली कोरडा पुठ्ठा सरकवून रात्रभर ठेवा. सकाळी गार इंजिनवर पातळी बघा. पहिल्या दोन सकाळी थोडी उतरणं साहजिक आहे, तिसऱ्या सकाळी उतरली तर गळती शोधा. पाचशे किलोमीटरनंतर क्लिप एकदा हाताने तपासा.

शेवटी बोनेटखाली एक चिठ्ठी चिकटवा: तारीख, किलोमीटर, कूलंटचा प्रकार, आणि खाली ठळक 'बोअरचं पाणी ओतू नये'. तुम्ही नसताना गाडी कोणाच्याही हातात असेल.